मागचे शॉकअप घरी बदला, पुढची स्प्रिंग मात्र घरी दाबू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०१३ ची स्विफ्ट, ९५,००० किलोमीटर झालेली, डिकीत बाहेरून बसवलेली सीएनजीची टाकी. खड्ड्यातून जाताना पुढून खटखट येते. मागची सीट भरली की गाडी मागून बसते आणि स्पीडब्रेकरला खाली घासते. गॅरेजमध्ये चारही शॉकअप आणि चारही स्प्रिंगा बदलायला सांगितल्या. घरी पान्यांचा संच आहे, ब्रेक पॅड स्वतः बदललेले आहेत, रविवारी सोसायटीचं पार्किंग मोकळं असतं. हे काम घरी होईल का?

मी सव्वीस वर्षं हेच काम करतोय. मागचं काम तुमच्याकडून घरी होईल. पुढचा स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब, गाडीवरून उतरवणं आणि परत चढवणं हेही होईल. पण उतरवलेल्या स्ट्रटवरची स्प्रिंग दाबून आतला शॉकअप काढणं, एवढं एक काम घरी करू नका. ज्याच्याकडे जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने पक्का केलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे, त्याच्याकडे दोन्ही स्ट्रट घेऊन जा. त्याचं ते अर्ध्या तासाचं काम आहे. असं का, ते पुढे सविस्तर सांगतो.

त्याआधी, चारही बदलायची खरंच गरज आहे का? तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप पेलत नाही. खड्ड्यात चाक वर गेलं की स्प्रिंग दबते, मग सुटते, मग पुन्हा दबते. ती एकटी असती तर गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर बराच वेळ डुलत राहिली असती. ते डुलणं मारायचं काम शॉकअपचं. त्याच्या पोटातलं तेल बारीक भोकांतून आणि झडपांतून ढकललं जातं आणि हालचालीतली ताकद उष्णतेत जाते. म्हणून खराब रस्त्यावर तासभर चालवलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो. यातून निदानाचा सरळ नियम निघतो: गाडी बसली असेल तर स्प्रिंगकडे किंवा वजनाकडे बघा, गाडी डुलत असेल तर शॉकअपकडे बघा. बसलेल्या गाडीला नवे शॉकअप घातले तरी ती वर येत नाही. हा खर्च वाया गेलेले लोक माझ्याकडे दर महिन्याला येतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या गाडीत सीएनजीची टाकी म्हणजे एक मोठा माणूस दिवसरात्र मागे बसल्यासारखं आहे. पेट्रोल गाडीच्या मूळ स्प्रिंगा त्या हिशेबाने केलेल्या नसतात. कंपनीकडूनच सीएनजी घेऊन आलेल्या गाड्यांचं सस्पेन्शन त्या वजनासाठी वेगळं जुळवलेलं असतं. त्यामुळे तुमच्या मॉडेलला मागे जास्त वजनाची स्प्रिंग मिळते का, हे पार्टच्या दुकानात पार्ट नंबर घेऊनच विचारा. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे बफर अडकवून गाडी उचलतात, तो मार्ग मी सुचवत नाही. बफर बसवलेला वेढा काम करणं जवळपास थांबवतो आणि त्याच्या वाट्याची हालचाल उरलेल्या वेढ्यांवर पडते. गाडी उंच दिसते, पण मागे बसणाऱ्यांच्या पाठीला प्रत्येक सांधा जाणवतो.

उंची मोजायला पाच मिनिटं पुरतात. सपाट जमिनीवर, चारही टायरमध्ये योग्य हवा भरून, गाडी रिकामी ठेवा. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजून लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खाली असलेल्या बाजूची स्प्रिंग नीट बघा. तुटते ती बहुतेक वेळा टोकाचा वेढा तुटून, आणि तुकडा स्प्रिंगच्या सीटमध्येच, म्हणजे ती टेकते त्या वाटीत, अडकून राहिल्याने वरवर पाहिलं तर कळत नाही. अलिबाग, रत्नागिरीकडच्या किंवा मुंबईत समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे मी जास्त बघतो. स्प्रिंगचा रंग उडाला की खारी हवा तिथेच गंज धरते. मोजलेले आकडे फेकू नका, नंतर बोल्ट आवळताना लागणार आहेत.

आता पुढची खटखट. शॉकअप गेला की बहुतेक वेळा आवाजाआधी गाडीचं वागणं बदलतं. ब्रेक मारला की नाक खाली जातं, पुलाच्या सांध्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलते, टायरवरून हात फिरवला तर ठरावीक अंतराने खोलगट लागतं. नुसता खटखट आवाज, विशेषतः छोट्या खड्ड्यांत हळू जाताना, हा आमच्याकडे बहुतेकदा लिंक रॉडचा निघतो. स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याला) स्ट्रटशी जोडणारी वीतभर लांबीची ती दांडी असते आणि शॉकअपच्या मानाने किरकोळ पैशात येते. गाडी जमिनीवर उभी असताना लिंक रॉडच्या सांध्यावर बोटं ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी गाडी बाजूने हलवायला सांगा. सांधा सैल असेल तर टकटक बोटांना कळते. मग बॉनेट उघडून स्ट्रटच्या टोकावर हात ठेवा आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवायला सांगा. हाताखाली स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाटली किंवा कट्ट आवाज आला तर वरचं माउंटिंग किंवा त्याचं बेअरिंग गेलंय. त्यानंतर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी सांधे, आणि बॉल जॉइंट टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, हलवून बघा. हे सगळं ठीक निघालं तरच शॉकअपवर बोट ठेवा.

शॉकअप खरोखर गेला असेल तर बॉडीवरून तेल ओघळलेलं दिसतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला असतो. सीलजवळ नुसता ओलसरपणा दिसला म्हणून शॉकअप बाद करू नका, रॉडवर तेलाचा पातळ थर असावाच लागतो. गाडीचा कोपरा दाबून सोडायची चाचणी सगळे करतात, पण त्यात फक्त पार मेलेला शॉकअप सापडतो. अर्धवट गेलेला त्यातून सुटतो.

बदलायचेच असतील तर जोडीने बदला, दोन्ही मागचे किंवा दोन्ही पुढचे. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना ठेवला तर पावसात जोरात ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. स्प्रिंगा मात्र तुटल्या किंवा बसल्या असतील तरच बदला. उंची बरोबर भरली तर जुन्याच वापरा. स्प्रिंगा बदलल्या तर त्याही जोडीने. पुढच्या शॉकअपला डावा-उजवा असतो, दुकानातून निघण्याआधी दोन्ही खोक्यांवरचं लेबल बघा. ज्याचा शॉकअप घ्याल त्याचा पार्ट नंबर जुन्यावरच्या नंबराशी ताडून बघा. आपल्याकडे चांगल्या मालाला तोटा नाही. गॅब्रिएलचंच उदाहरण घ्या, १९६१ साली मुलुंडला सुरू झालेली ही कंपनी, आज चाकण आणि नाशिकलाही तिचे कारखाने आहेत. पण नावाजलेल्या खोक्यात भलताच माल भरून विकणारेही आहेत, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. शॉकअपबरोबर बंप स्टॉपचं (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं) रबर आणि धुळीचा बूट नवा घ्या. पुढच्यासाठी वरचं माउंटिंग आणि बेअरिंगही घ्या. एवढं सगळं उघडून जुनं माउंटिंग परत घातलं तर सहा महिन्यांत पुन्हा तेच उघडावं लागतं.

आता मागचं काम. स्विफ्ट, बलेनो यांसारख्या गाड्यांत मागे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी टॉर्शन बीम असते आणि स्प्रिंग व शॉकअप वेगवेगळे बसवलेले असतात. हे तुमच्या पथ्यावर पडतं, कारण स्प्रिंग काढायला ती दाबावी लागत नाही. बीम खाली सोडली की स्प्रिंग सैल होऊन हातात येते.

जागा नीट निवडा. पेव्हर ब्लॉकवर जॅकचं छोटं चाक रुततं, पावसाळ्यात तर नक्कीच. खाली जाड प्लायवूड टाका. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. दोन टनांचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक आणि घोड्यांची (उचललेली गाडी टेकवायच्या जॅक स्टँडची) एक जोडी लागेल, विकत नको असेल तर भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणा. विटा आणि पोकळ सिमेंटचे ब्लॉक घोडीच्या जागी कधीही लावू नका. ते आधी वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. आणि हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, हे विसरू नका. मागची चाकं उचलली की तो गाडीला धरून ठेवत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. तुमच्या गाडीत आणखी एक काळजी: सीएनजीची उच्च दाबाची नळी गाडीच्या पोटाखालून पुढे जाते. जॅक आणि घोडी टेकवण्याआधी ती कुठून गेलीय ते टॉर्च घेऊन बघा आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. गंजलेल्या नटाला गॅसकटरने गरम करणं गॅरेजमध्ये चालतं. तुमच्या गाडीला, तुमच्या पार्किंगमध्ये, ते करायचं नाही.

गंजाचा विचार आदल्या रात्रीच करा. शॉकअपचे खालचे आणि वरचे नट तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी पुन्हा मारा. खालचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीला चिकटून बसतो. नट सुटतो आणि बोल्ट मात्र नळीसकट फिरत राहतो. घाईने हातोडा मारून आटे खराब करण्यापेक्षा नट दोन आटे चढवून ठेवा आणि त्याच्या डोक्यावर मारा. वरचा नट काही गाड्यांत चाकाच्या कमानीत असतो, काहींत डिकीतल्या प्लास्टिकच्या कव्हराखाली. तुमची टाकी आडवी बसवलेली असेल तर पाना फिरवायला जागा आहे का ते आदल्या दिवशीच बघा. टाकी हलवावी लागणार असेल तर काम तिथेच थांबवून टाकी बसवणाऱ्याकडे जा.

गाडी उचलण्याआधी चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करा. मग मागचा भाग उचला, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी दोन्ही घोड्या लावा, गाडीला हाताने धक्का देऊन बघा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. घोडी घसरलीच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही. आता जॅक बीमखाली, स्प्रिंगच्या सीटजवळ, मध्ये लाकडाचा तुकडा घालून लावा आणि बीमला नुसता आधार द्या. याचं कारण असं की चाक लटकताना किती खाली जाईल, ते शॉकअपच रोखून धरतो. आधार न देता दोन्ही शॉकअप सोडले तर बीम धाडकन खाली येते आणि तिचा भार ब्रेकच्या रबरी नळीवर, एबीएसच्या वायरीवर आणि हँडब्रेकच्या केबलवर येतो. फक्त शॉकअप बदलायचे असतील तर एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी उघडा.

स्प्रिंगाही काढायच्या असतील तर दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक इंचाइंचाने उतरवा. नजर ब्रेकच्या नळीवर ठेवा. ती ताणली जायच्या आत स्प्रिंग बाहेर आली पाहिजे. येत नसेल तर नळीचा क्लिप सोडवा, पण बीमवर उभं राहून किंवा टॉमी घालून जोर करू नका. नवी स्प्रिंग बसवताना खालच्या-वरच्या रबरी सीटा तपासा आणि स्प्रिंगचं टोक सीटमधल्या पायरीला बरोबर टेकवा. टोक पायरीच्या अलीकडे राहिलं तर पहिल्याच खड्ड्यात स्प्रिंग फिरून जागेवर बसेल, आणि तो आवाज ऐकून तुम्हाला वाटेल की काहीतरी तुटलं.

नवा शॉकअप लावण्याआधी त्याला उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. दुकानात आडवा पडून राहिलेल्या शॉकअपमध्ये हवा जागा सोडून बसलेली असते, ती अशी निघते. पहिल्या एक-दोन वेळा मध्येच पोकळ लागेल, मग एकसारखा घट्ट लागेल. चकचकीत रॉडला पक्कड लावू नका. रॉडवर उठलेला एक ओरखडा सील कापून टाकतो आणि महिन्याभरात नवा शॉकअप तेल टाकायला लागतो. नट आवळताना रॉड फिरत असेल तर त्याच्या टोकाला ॲलन की किंवा चपटा पाना लावायची जागा असते, तिथे धरा.

पुढची गोष्ट घरी काम करणारे आणि घाईतली गॅरेजं, दोघंही चुकतात. शॉकअपचा खालचा बोल्ट गाडी लटकलेली असताना शेवटचा आवळायचा नाही. बुशच्या आतली लोखंडी नळी बोल्टने जागेवर करकचून धरली जाते, बाहेरचा गोल शॉकअपबरोबर फिरतो, आणि मधल्या रबराला पीळ बसतो. लटकत्या अवस्थेत आवळलं तर गाडी खाली आल्या क्षणापासून रबर पिळलेलं राहतं. मग ते काही महिन्यांत फाटतं आणि दोष शॉकअपच्या कंपनीला मिळतो. म्हणून बोल्ट आधी हाताने घट्ट करा. मग जॅकने बीम वर घ्या, मघाशी लिहून ठेवलेलं अंतर हबच्या मध्यापासून पत्र्यापर्यंत येईपर्यंत. स्प्रिंगा नव्या असतील तर डोळे मिटून जुना आकडा धरू नका, चाक लावून गाडी खाली घ्या, दोन-चारदा हलवून बसू द्या, आणि मगच टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकं आवळा. घोडीवरून गाडी उचलली जातेय असं वाटलं तरीही हाच दुसरा मार्ग धरा.

पहिल्यांदा करताना मागच्या कामाला तीन तास धरा.

पुढची रचना वेगळी आहे. तिथे मॅकफर्सन स्ट्रट असतो, अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाचा, १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून नावारूपाला आलेला. शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाला धरणारा खांब हे सगळं एकाच दांड्यावर. त्यामुळे जागा वाचते, खर्च वाचतो, म्हणून आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हीच रचना दिसते. पण याचाच अर्थ असा की स्ट्रट गाडीवरून उतरला तरी स्प्रिंग दाबलेलीच असते, आणि तिला धरून ठेवणारा असतो रॉडच्या टोकावरचा मधला एक नट.

अंदाजे हिशेब करू. छोट्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगचा ताठरपणा मिलिमीटरला २५ न्यूटन धरा. ती सुटी करायला १५ सेंटिमीटर दाबली तर टोकावर ३,७५० न्यूटन, म्हणजे सुमारे ३८० किलोचा जोर येतो. तिच्यात साठलेली ऊर्जा दहा किलोची वस्तू जवळपास तीन मीटरवरून पडावी एवढी. मी शिकाऊ होतो तेव्हा एका गॅरेजमध्ये एका मुलाने स्प्रिंग न दाबताच हा मधला नट एअर गनने उडवला. माउंटिंग छताच्या पत्र्याला लागून परत खाली आलं. त्याचा चेहरा वाचला तो केवळ त्याच वेळी कुणीतरी हाक मारल्यामुळे मान वळली म्हणून. दोन हुकांचे जे स्वस्त कॉम्प्रेसर ऑनलाइन मिळतात, ते समोरासमोर बरोबर लागले, आटे वंगण घातलेले असले आणि दोन्हीकडे सारखे फेरे दिले तर काम करतात. पण एक हुक तिरका बसला की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हुक सरकतो. पहिल्यांदा करणाऱ्याला तो सरकतोय हे वेळेत कळत नाही. मला कळायला काही वर्षं लागली. म्हणून तुम्हाला नको म्हणतोय.

स्ट्रट उतरवताना पुढचं उचला, मागच्या चाकांना ओंडके, हँडब्रेक ओढलेला. चाक काढल्यावर ब्रेकच्या नळीचा क्लिप, एबीएसची वायर आणि लिंक रॉड सोडवा. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) यांना जोडणारे खालचे दोन मोठे बोल्ट सोडण्याआधी बोल्टची डोकी आणि दोन्ही भागांच्या कडा यांवर रंगाची रेघ मारा. त्या भोकांत जराशी ढिलाई असते आणि तेवढ्याने चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा कल, बदलतो. बोल्ट काढण्याआधी नकल आणि कॅलिपर तारेने वर बांधून ठेवा. नकल बाहेर झुकली तर ब्रेकची नळी ताणते आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. तो निसटला की तुमचा रविवार संपलाच. मग बॉनेटखालचे नट. कडेला दोन-तीन नट असतील तर ते काढायचे आणि मधल्याला हात लावायचा नाही. वरून एकच मोठा नट दिसत असेल तर त्याच्याखाली स्प्रिंग धरणारा दुसरा नट आहे, याची तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून खात्री झाल्याशिवाय पाना लावू नका. शेवटचा नट काढताना एका हाताने स्ट्रट खालून धरा, तो चांगलाच जड असतो.

दोन्ही स्ट्रट, नवे शॉकअप, माउंटिंग, बूट असं सगळं घेऊन रिक्षाने गॅरेजला जा. स्प्रिंग परत बसवताना टोक पायरीला टेकलंय आणि माउंटिंगवरची खूण बाहेरच्या बाजूला आहे, हे तिथे उभं राहून बघा. घरी परत चढवताना रेघा जुळवा, सगळे नट हाताने लावून मग आवळा.

पुढचं काम झाल्यावर रेघा कितीही जुळवल्या तरी व्हील अलाइनमेंट करूनच घ्या, नाहीतर हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये टायरची आतली कड घासते. फक्त मागचे बदलले असतील तर गरज नाही. नव्या स्प्रिंगांनी गाडीची उंची बदलली तर हेडलाइटचा झोतही भिंतीवर पाडून बघा, तो समोरच्याच्या डोळ्यांत जायला नको. शंभर किलोमीटर चालवून चाकांचे आणि शॉकअपचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. जुने शॉकअप भंगारात देताना त्यांच्या पोटात दाबाखालचा गॅस असू शकतो, कापताना किंवा तापवताना सांभाळ, हे भंगारवाल्या दादांना आवर्जून सांगा.

तुमच्या जागी मी असतो तर या रविवारी फक्त लिंक रॉड तपासला असता, उंची मोजली असती आणि मागच्या नटांवर स्प्रे मारून ठेवला असता. पुढच्या रविवारी मागच्या स्प्रिंगा, शॉकअप तेल टाकत असतील तर तेही. पुढचे स्ट्रट आवाजाचं मूळ सापडल्यानंतरच.